सुईवाली बाय आणि शिमग्याची दोरी

जव्हारपासून खोडाळ्यापर्यंत माझ्यासारखा डायवर दुसरा नाय. माझ्या जीपची डावी बाजू चेपलीय ती मीच चेपवलीय, उजवी पण मीच, आणि उजवी चेपली तेव्हा गाडी उभी होती.

हे मी बोलतोय आणि मोखाड्याचे मास्तर लिहून घेतायत. मला लिहिता येत नाय. शाळेत मी गेलोय, पण मास्तर लोकांना सोडायला. दिवाळी अंकात माझं पण छापायचं ठरलं, तेव्हा मी मास्तरांना बोललो, जसं बोलतो तसंच लिहा, सुधारू नका. ते बोलले, "सुधारण्यासारखं काही असलं तर ना."

आधी धंदा सांगतो. आमच्याकडं जीप टाइमावर सुटत नाय, भरली की सुटते. शहरातल्या माणसाला वाटतं भरली, तेव्हा ती आमच्या हिशोबानं अर्धी असते. डायवरच्या उजव्या अंगाला, दाराला चिकटून, अजून एक सीट, म्हणजे पॅसेंजर, बसते. डावीकडं तिघं. गियर टाकायचा तर सांगायला लागतं, "बाबा, पाय उचल." एक म्हातारबाबा नेहमीचे होते. त्यांना इतकी सवय झाली की मी क्लच दाबला की तेच गियर टाकायचे. माझ्यापेक्षा बरा टाकायचे. ते वारले तेव्हा पॅसेंजर मला बोलले, आता गाडी कोण चालवणार?

पण ठरलेल्या एका वारी माझी जीप रिकामी पळायची. त्या दिवशी भाडं एकच, लसीचा निळा डबा आणि सुरेखा सिस्टर. डब्यात बर्फ असतो, लस गरम झाली की फुकट जाते, म्हणून वाटेत सीट घ्यायची नाय, चहाला थांबायचं नाय. मला ते जमायचं नाय. रस्त्याला कुणी हात केला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. सिस्टर मागनं बोलायची, "दामूदादा, तो हात तुला नाही केला. तो शेतातली पाखरं हाकलतोय."

पाड्यापाड्यावरच्या बाया तिला सुईवाली बाय म्हणायच्या. तिची एक खूण होती. पोरं कडेवर घेऊन बाया एकदम अंगावर आल्या की ती ओरडायची नाय. तळहात पुढं धरायची, मग एक बोट मागं दाखवायची. झालं. सगळ्या एकामागं एक उभ्या. तिनं या पट्ट्यातली किती पोरं टोचली त्याची गणती नाय. मी पण टोचून घेतलंय. त्या मोठ्या साथीत मी सुईच्या भीतीनं जीपखाली शिरून बसलो होतो. सिस्टर रस्त्यावर आडवी झाली आणि माझं जे हाताला लागलं त्यात तिनं दिली. कुठं दिली ते लिहू नका, मास्तर.

हे मास्तर म्हणजे सुरेखा सिस्टरचे मिस्टर. ते सांगायचं राहिलंच.

मग एका पावसाळ्यात सिस्टर चढावर धापा टाकायला लागली. हातावर काळेनिळे डाग. मी बोललो, "मास्तर मारतात का काय?" ती हसली. हसली तेव्हा दातातनं रक्त आलं. रक्त तपासलं, जव्हारला तपासलं, मुंबईला तपासलं. रक्ताचा कॅन्सर निघाला.

मुंबईला तिच्यावर काय केलं ते मला तिचा भाऊ काशिनाथ यानं सांगितलं. काशिनाथ खोडाळ्याकडं भात आणि नागली करतो, एकदम कंजूस माणूस, पण त्या दिवशी त्यानं मला चहा पाजला, तेव्हाच मी ओळखलं की मामला मोठा हाये. तो बोलला, "दामू, आपण राब भाजतो ना, तसं." आमच्याकडं पेरायच्या आधी पालापाचोळा टाकून जमीन भाजून काढतात, जुनं गवत, तण, सगळं मरतं, मग तिथं बी टाकतात. तसं तिच्या हाडातलं जुनं रान औषधानं जाळून टाकलं. वाईटाबरोबर चांगलं पण जळलं. मग काशिनाथचं रक्त तिच्याशी जुळलं म्हणून त्याच्या रक्तातनं बी काढलं आणि सलाइनसारखं तिला चढवलं. कापाकापी नाय, टाके नाय. बी आपलं आपण हाडात जाऊन रुजतं. तिचा रक्तगट पण बदलून काशिनाथचा झाला. मी मास्तरांना बोललो, सांभाळा, आता घरात चहा मिळणार नाय.

बी रुजलं. पण खरी भीती तिथनंच पुढं चालू होते, हे मला माहीत नव्हतं.

रक्तात राखणदार असतात. जुन्या राखणदारांना सगळे चोर तोंडओळखीचे होते. लहानपणीच्या लसींनी त्यांना शिकवलेलं, गोवर असा दिसतो, घटसर्प असा. ते जळून गेले, त्यांच्याबरोबर त्यांचं शिक्षण पण गेलं. नवे आले ते माझ्यासारखे, बिनशाळेचे. जन्मलेल्या बाळाची गत. त्यात काशिनाथच्या पेशी म्हणजे काशिनाथच. नव्या घरात आल्या आणि घरच्यांनाच चोर समजून मारायला लागल्या. सिस्टरच्या अंगावर चट्टे उठले, तोंड आलं. मग त्यांना दाबून ठेवायला गोळ्या. म्हणजे राखणदार आधीच कोवळा, त्यात त्याला गुंगी दिलेली. अशा घरात कुणी पण शिरावं.

तीन-साडेतीन महिने सिस्टर आणि मास्तर मुंबईतच खोली घेऊन राहिले. मोखाड्याला परत यायचं ठरलं तेव्हा मास्तरांचा फोन आला. "दामू, तुझी गाडी पाहिजे. रिकामी. आणि स्वच्छ."

मी गाडी इतकी स्वच्छ कधी केली नव्हती. धुतली, पुसली, झेंडूची मोठी माळ घातली, आत धूप केला, पायाखाली पेंढा अंथरला. मुंबईला पोचलो, मास्तरांनी दार उघडलं आणि डोक्याला हात लावला. फुलं चालत नाय, ओल्या पेंढ्यातली बुरशी तर मुळीच नाय, धूर नाय. ती बुरशी तुमच्या-माझ्या नाकात रोज जाते, काय होत नाय. तिच्या छातीत गेली तर घर करते. मास्तरांनी परत धुवायला लावली. सिस्टर मुंबईच्या रस्त्यावर कडेला खुर्चीवर बसून बघत होती. मास्कवर फक्त डोळे. बोलली, "दामूदादा, आता बकरी कुठं बांधणार?"

निघताना तिच्या डॉक्टर मॅडमनी मलाच समोर उभं करून एक गोष्ट सांगितली. ताप आला, शंभरच्या वर गेला, की तापाची गोळी देऊन वाट बघायची नाय. फोन करायचा आणि निघायचं. आपल्याला ताप येतो तो राखणदार भांडतो म्हणून, दोन दिवसांत उतरतो. हिचा ताप सकाळी चढला तर संध्याकाळपर्यंत रक्तात विष भिनून माणूस जाऊ शकतो.

हिवाळा बरा गेला. सिस्टर खिडकीत बसायची, मी खाली रस्त्यावरनं नकला करायचो. मग शिमगा आला.

आता शिमग्याचं पोस्त सांगायला लागेल. होळीच्या दिवसांत आमच्याकडं पाड्यापाड्यावर रस्त्याला आडवी दोरी धरतात. पोरं असतात, बाया असतात, सोंगं घेतलेले बाप्ये असतात. गाडी आली की थांबवायची, नाचायचं, रंग लावायचा, पोस्त म्हणून चार पैसे मागायचे. राग कुणी मानत नाय. पण मी त्यातनं सुटायला एक शक्कल काढली होती. सीटवर एका पॅसेंजरला आडवा करायचो, वर चादर, आणि लांबनं ओरडत यायचो, "पेशंट हाये, पेशंट! सोडा!" दोरी खाली व्हायची. पुढं गेलो की पेशंट उठून बसायचा आणि गाडीतले सगळे हसायचे. एका साली पेशंट मिळाला नाय, तेव्हा मी दुसऱ्याला गाडी चालवायला दिली आणि स्वतः झोपलो. पाड्यावरच्यांना ते कळत होतं. ती माझी दरसालची गंमत होऊन बसली होती. लोक वाट बघायचे, दाम्या यंदा काय आणतो.

त्या दिवशी सकाळी मी जीपला टेकून चहा पीत होतो. मास्तरांचा फोन. ते नेहमी विचारतात, काय चाललंय. त्या दिवशी विचारलं नाय.

"दामू, गाडी काढ. सुरेखाला ताप."

अँब्युलन्स एका बाळंतिणीला घेऊन नाशिकला गेलेली. मुंबईच्या मॅडम फोनवर बोलल्या, मुंबई लांब आहे, पहिलं इंजेक्शन जव्हारला द्यायला लावते, तिथं पोचवा, एक मिनिट घालवू नका. मी गेलो तेव्हा मास्तर तिला धरून पायऱ्या उतरत होते. ती थंडीनं अशी उडत होती की मला वाटलं जीपचं इंजिन तिच्या अंगात बसवलंय. मागच्या सीटवर बसवली. काचा वर केल्या. ती बोलली, "काच उघडू नको, दादा. कुणी काही बोललं तरी."

पहिली दोरी पोरांची होती. मी खिशातली चिल्लर माझ्या काचेच्या फटीतनं कडेला फेकली, पोरं तिच्यामागं धावली, मी निघालो. आरशात बघितलं. सिस्टरचे डोळे मिटलेले. मास्तर तिचं मनगट धरून नाडी बघत होते.

दुसरी दोरी वळणावर होती. वळलो आणि समोर अख्खा पाडा. ढोल, रंग, साडी नेसलेले बाप्ये, आणि मधोमध जानी. जानी म्हणजे त्या पाड्याची कारभारीणच. त्या दिवशी नवऱ्याचा सदरा आणि काजळीच्या मिशा. मी खिडकीची काच बोटभर खाली केली आणि ओरडलो, "पेशंट हाये! सोडा!"

जो हसण्याचा आवाज उठला, मला वाटलं डोंगर हसला.

"आला पेशंटवाला!" जानी बोलली. "यंदा कोण मारायला घेतलास रं दाम्या?"

"जाने, खरंच हाये. शप्पत."

"गेल्या साली पण शप्पत होती. तो तुझा पेशंट उतरून आमच्यात नाचला."

मी हॉर्न दाबला. ढोलवाल्यानं हॉर्नच्या तालावर ढोल धरला. मागनं मास्तर बंद काचेतनं ओरडले, "कृपया रस्ता मोकळा करा!" शिमग्याला कृपया ऐकून बाया लोळायच्या बाकी होत्या. एक बोलली, "हे चष्म्याचं सोंग नवीन हाये."

गाडीला चहूबाजूनं माणसं. काचेवर रंगाचे हात. कुणी खोकत होता, खोकून काचेवरच हसत होता. पुढं घालावी तर दोरीत बाया आणि बायांच्या कडेवर पोरं. मागं जावं तर मागनं एक टेम्पो. आणि तेवढ्यात मला खडखड ऐकू आली. माझ्या जीपचं मागचं दार बाहेरनं हुकानं लागतं, आतनं कडी नाय. कुणीतरी हूक काढत होतं. पेशंटला बाहेर काढून नाचवायला.

मी माझ्या दारातनं बाहेर उडी मारली, दार आपटलं आणि धावत मागं जाऊन दाराला पाठ लावून उभा राहिलो. हूक माझ्या पाठीत रुतला. रंग माझ्या डोळ्यात, तोंडात, कानात. मी ओरडलो, "दार उघडू नका! मरंल ती!" आणि रडलो. खरा रडलो, लहान पोरासारखा, नाकातनं.

बायांनी टाळ्या वाजवल्या. एक बोलली, "यंदा चांगलं जमलंय."

सगळं आयुष्य मी लोकांना हसवलं, कुणी हसलं नाय की मला वाईट वाटायचं. त्या दिवशी मी देवाला बोललो, हे हसू थांबव.

हसू थांबलं ते माझ्यामुळं नाय. काचेवर आतनं एक तळहात आला. पांढराफटक, थरथरता, पण सरळ. मग एक बोट मागं वळलं.

पुढच्या चार बाया एक पाऊल मागं सरकल्या. का सरकल्या ते त्यांना पण कळलं नसंल. सवयीनं. मग त्या एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. जानीनं काचेला नाक लावलं. आत टोपी, मास्क, भुवया नाय.

"सुईवाली बाय हाये," ती हळू बोलली. "केस कुठं गेलं तिचं?"

काचेवरचे रंगाचे हात खाली आले.

"आमाला वाटलं बदली झाली," जानी बोलली. मग वळली आणि असं ओरडली की टेम्पोवाला पण इंजिन बंद करून बसला. "ढोल ठेव खाली! दोर सोडा! खोकतो तो कोण हाये, लांब हो!"

मी दार उघडून आत शिरायला गेलो. मास्तर ओरडले, "दामू, तू असा आत येऊ नकोस! अंगावर रंग आहे, धूळ आहे!" बरोबर होतं. आता सगळ्या पाड्यात तिला धोका फक्त माझाच उरला होता. डायवर गाडीच्या बाहेर आणि पेशंट आत. जानीनं विचारलं नाय. माझा सदरा ओढून काढला, पाठोपाठ पँट. दोन बायांनी डोक्यावर हंडे ओतले, तिसरीनं चेहरा असा घासला की चामडी गेली असं वाटलं. कुणीतरी धुतलेला पंचा दिला. मास्तरांनी काचेच्या फटीतनं त्यांच्याकडचा नवा मास्क फेकला. मी पंचा गुंडाळून, ओलाचिंब, स्टेरिंगवर बसलो.

जानीचा नवरा मोटरसायकलवर पुढं निघाला, दोऱ्या सोडवायला. त्याच्या अंगावर जानीची साडी, पदर हवेत. मंत्र्याच्या पुढं पायलट गाडी असते तशी माझ्यापुढं ही. पुढच्या प्रत्येक पाड्यावर दोरी रस्त्यावर पडलेली आणि माणसं कडेला उभी. लाल-हिरवी तोंडं, हात पाठीमागं, आवाज नाय. मी इतक्या वर्षांत तो रस्ता असा गप कधी बघितला नव्हता.

मागनं सिस्टर बोलली, दात वाजत होते, शब्द तुटत होते. "दामूदादा, काहीतरी बोल ना. गंमत."

मी तोंड उघडलं. एक पण आठवली नाय.

"मग गाडी तरी नीट चालव," ती बोलली. त्यानंतर ती बोललीच नाय. मास्तर तिला हाका मारत होते, "सुरेखा, सुरेखा, डोळे उघड," आणि मी आरशात बघायचं बंद केलं, कारण बघितलं असतं तर हात सुटला असता.

जव्हारला डॉक्टर दारातच उभे होते. वेगळी खोली, सुई, सलाइन, सगळं तयार. स्ट्रेचर आत गेलं. मी मागं धावलो तर वॉचमननं मला धरलं. पंचा, ओलं अंग, एका कानात गुलाबी रंग. तो बोलला, "शिमगा बाहेर." मी बाहेर बसलो. थोड्या वेळानं मास्तर आले, बोलले, इंजेक्शन गेलं, बीपी जरा उचललंय, आता मुंबईला नेतायत, डॉक्टर बरोबर आहेत. ती गाडी माझी नव्हती. तिच्यात माझ्यासाठी सीट नव्हती. मी हात केला. ती थांबली नाय. बरोबर हाये, पेशंट होता.

मग नुसती वाट. मास्तर फोनवर एवढंच बोलायचे, "आहे." रक्तात जंतू मिळाला. औषध लागू पडेना, दुसरं दिलं. मग छातीत पाणी. मी गाडी भरायचो, चालवायचो, उतरवायचो. पॅसेंजर बोलायचे, "दाम्या, तुझी तब्येत बरी नाय का, आज कुणाची चेष्टा नाय केलीस." बाजारच्या दिवशी जानी जीपमध्ये बसायची, माझ्या उजव्या अंगाला, दाराजवळ. पूर्ण रस्ता काय बोलायची नाय. उतरताना एकच विचारायची, "बाय?" मी बोलायचो, "हाये." हे असं किती दिवस चाललं ते विचारू नका. भाताची रोपं लावल्यावर पिवळी पडतात, कुणाला वाटंल गेली. रोज बांधावर जाऊन बघितलं म्हणून ती लवकर हिरवी होत नाय. पण माणूस जातोच.

एक दिवस मास्तरांनी फोन केला आणि विचारलं, "काय चाललंय?" मी रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवली. मागं बसलेले शिव्या घालायला लागले.

ती परत आली, पाऊस संपताना. केस आले होते, कुरळे. तिचे आधी सरळ होते. काशिनाथचे पण सरळच. कुरळे कुणाचे ते डॉक्टरला माहीत. राखणदारांच्या गुंगीच्या गोळ्या हळूहळू कमी केल्या. चट्टे फिके पडले. रक्त तपासून मॅडम बोलल्या, राखणदार आता मोठे झालेत, शिकायच्या लायक झालेत. आता बाळाच्या लसी परत पहिल्यापासून द्यायच्या. सगळ्या नाय. गोवराची लस जिवंत असते, तिला अजून लांब ठेवायची. पहिली न्यूमोनियाची. मी मास्तरांना बोललो, बघा, ते राखणदार पण शाळेत चालले, राहिलो मी एकटा.

मोखाड्याला लसीचा दिवस होता. सगळी बाळं देऊन झाली, खोली पुसून घेतली, खिडक्या उघडल्या, तेव्हा सिस्टरला आत बोलावलं. ज्या स्टुलावर ती आयांना बसवायची त्याच्यावर ती स्वतः बसली, मास्क लावून, बाही वर करून. तिचा हात बारीक झालेला. सुई धरून जी नवीन सिस्टर उभी होती ती नुकतीच दुसरीकडनं बदलून आलेली, तिला कुणी ओळखीचं नव्हतं. मास्तर शेजारी उभे. सुरेखा सिस्टरनं तोंड बाजूला वळवलं. हजार पोरं टोचलेली बाई, स्वतःच्या सुईला घाबरली. मला इतकं बरं वाटलं.

मी पण आत घुसलो होतो. मला तो क्षण बघायचाच होता. मी छाती काढून नवीन सिस्टरला बोललो, "सिस्टर, सावकाश द्या. ही बाय मी मरणाच्या दारातनं आणलीय. शिमग्याच्या दिवशी, नुसत्या पंच्यावर."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. सुई हातातच.

"तुम्ही पेशंटचे कोण?"

"डायवर."

"मग गाडीत जाऊन बसा."